छापील किंमत : एका मेडिकलवाल्याच्या रोजनिशीतून

सोमवार, २२ सप्टेंबर २०२५. घटस्थापना

आजपासून औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. तेहतीस जीवरक्षक औषधांवर तर शून्य. टीव्हीवर आठवडाभर तेच चाललं होतं, त्यामुळे शटर वर जायच्या आधीच पायरीवर माणसं उभी. महिन्याच्या गोळ्या अनेकांनी चार-सहा दिवस लांबवल्या होत्या. एवढ्याशा फरकासाठी बीपीची गोळी थांबवणाऱ्या माणसाला रागवावं की गप्प बसावं, मला अजून कळलेलं नाही.

"मग किती कमी झालं जी?" सगळ्यांचा एकच प्रश्न. बारातून पाच गेले की सात, असं डोक्यात बसलेलं. पण कर छापील किमतीच्या पोटात असतो. त्यामुळे १०० रुपयांची स्ट्रिप आता ९३ रुपये ७५ पैशांना. शंभरामागे सहा रुपये चार आणे. "एवढंच?" म्हणत एक बाई चिठ्ठी घेऊन निघाल्याच होत्या, मग पायरीवरून परत वळल्या.

जुन्या मालावर नवी लेबलं चिकटवायची सक्ती नाही. कंपनीची सुधारित दरयादी दुकानात ठेवायची आणि त्या भावाने द्यायचं, असा किंमत प्राधिकरणाचा आदेश आहे. समंजस आदेश. नाहीतर माल कंपनीकडे जाऊन परत येईपर्यंत इन्सुलिन कुठून आणायचं होतं? बारा टक्क्यांनी घेतलेला माल पाचने विकताना आमचा कर अडकतो, त्यासाठी दिवसभर सीएचे फोन सुरू आहेत. पण ती आमची भानगड, गिऱ्हाइकाची नाही.

त्याच फळीवर, त्याच औषधाच्या, त्याच ताकदीच्या दोन स्ट्रिपा असतात आणि एकीवर छापलेली किंमत दुसरीच्या तिप्पट असते. सहा रुपयांचा हिशेब मागणाऱ्या एकानेही आज त्याबद्दल विचारलं नाही.

बुधवार, २४ सप्टेंबर

परवा जे कुणी विचारलं नाही ते लिहून ठेवतो.

पित्ताच्या कॅप्सूल घ्या. पॅन्टोप्राझोल आणि डोम्पेरिडॉन. आमच्या सावनेरात तेलामिठाच्या खालोखाल तीच खपत असेल. नावाजलेल्या कंपनीची कॅप्सूल डॉक्टर लिहून देतात. तिच्यावर मला छापील किमतीच्या वीस टक्के सुटतात. दुसरी 'जेनेरिक' म्हणून माझ्याकडे येते. तिचा एमआर, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, डॉक्टरकडे जात नाही, थेट माझ्याकडे येतो. छापील ९५ रुपये, मला पडते १४ ला. ती मी ७० ला दिली की गिऱ्हाईक खूश, भाऊनं पंचवीस सोडले म्हणून. माझ्या गल्ल्यात ५६. यात बेकायदा काहीच नाही. आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, खासगीत हाच हिशेब सांगेल.

म्हणजे बनवायला स्वस्त असलेलं औषध देशात भरपूर आहे. ते स्वस्तात कुणाला मिळतं, तर मला.

दुपारी एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टरकाका आले. पेन्शन नावापुरती, घरात काकूंना साखर आणि यांना बीपी. "भाऊ, याच्यातलीच स्वस्तवाली द्या ना." चिठ्ठीवर ब्रँड लिहिलेला. औषध नियमावलीतला ६५ वा नियम सांगतो की चिठ्ठीवर लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरं द्यायचं नाही, आत घटक तोच असला तरी. तालुक्यात हा नियम रोज मोडतो, आणि बहुतेकदा विकणाऱ्याच्या फायद्यासाठी मोडतो. मी काकांना डॉक्टरकडे परत पाठवलं. डॉक्टर भला माणूस, मूळ नाव लिहून दिलं. सगळेच देत नाहीत.

किंमत नियंत्रणाचा आदेश नाही असं नव्हे. १९७० पासून आहे. १९७९ मध्ये ३४७ मूळ औषधं त्याखाली होती, १९८७ ला १४२ राहिली, १९९५ ला ७४. १९९७ मध्ये प्राधिकरण स्थापन झालं. २०१३ च्या आदेशाने आवश्यक औषधांची राष्ट्रीय यादीच पकडली. २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत. कागदावर ही वाढ दिसते. पण २०१३ च्या त्याच आदेशात हिशेबाची रीत बदलली. आधी औषध बनवायला खर्च किती येतो त्यावर किंमत ठरे. आता बाजारात एक टक्का किंवा अधिक वाटा असलेल्या ब्रँडांच्या किमतींची सरासरी काढतात, वर दुकानदाराचे १६ टक्के, झाली कमाल किंमत. ज्यांनी भाव चढवला त्यांच्याच भावाची सरासरी, आणि नाव नियंत्रण! यादीबाहेरच्या औषधाची किंमत दरवर्षी दहा टक्क्यांपर्यंत वाढवायला मोकळीक. पित्ताची ती जोडगोळी यादीत नाही, हे सांगायला नकोच. सगळं धरून नियंत्रणाखाली येणारा माल एकूण बाजाराच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास भरतो.

स्पर्धेने भाव उतरेल, असं शिकलेली माणसं सांगतात. गुजरीत उतरतो, कारण भेंडी महाग वाटली तर बाई गवार घेते. इथे निवड डॉक्टरची, पैसे रोग्याचे आणि माल माझा. तिघांतल्या ज्याला भावाशी देणंघेणं आहे त्याला निवडीचा अधिकार नाही.

सरकारने मनावर घेतलं की काय होतं तेही पाहिलंय. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटची कमाल किंमत ठरली. औषध लावलेली स्टेंट लाख-सव्वा लाखाला बसवली जायची, ती २९,६०० वर आली. साधी ७,२६० वर. कंपन्या देश सोडून जातील म्हणून ओरड झाली होती. स्टेंट आजही बसतात.

गुरुवार, २५ सप्टेंबर

जागतिक फार्मासिस्ट दिन. संघटनेने शाल-श्रीफळ दिलं. ऑनलाइन औषधविक्रीच्या विरोधात ठराव झाला, टाळ्या झाल्या. जेनेरिकवरच्या नफ्याबद्दल ठराव झाला नाही, होणारही नाही. जेवण बरं होतं.

रविवार, २८ सप्टेंबर

मराठवाड्यात पुराने हाहाकार. धाराशिव, बीडकडची आणि शेजारच्या सोलापूरची दृश्यं पाहवत नाहीत. संघटनेतर्फे औषधांची खोकी जाताहेत. डॉक्सीसायक्लिन, ओआरएस, खरजेची मलमं, तापाच्या गोळ्या. मदतीच्या खोक्यांत दोन महिन्यांत एक्स्पायरी येणारा मालही आला होता. तो मी आणि पोराने निवडून बाजूला केला. दान करताना माणूस कपाट साफ करून घेतो.

दुपारी दुकान बंद. जुने कागद आवरताना मामांचा फोटो सापडला. मामा पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने १९५४ मध्ये उभा राहिलेला सरकारी कारखाना. पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलिन बनू लागलं. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपण १९११ च्या इंग्रजी पेटंट कायद्याखाली होतो आणि औषधांच्या भावात जगातल्या महाग देशांत गणले जात होतो. न्या. राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ ला अहवाल दिला, त्यावरून १९७० चा पेटंट कायदा झाला आणि १९७२ पासून लागू झाला. औषधाच्या रेणूवर पेटंट नाही, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर, तेही जास्तीत जास्त सात वर्षं. पद्धत बदलली की तेच औषध कुणीही बनवावं. हैदराबाद, मुंबई, अहमदाबादची औषध कारखानदारी या एका कलमावर वाढली.

त्याचं फळ जगाने २००१ मध्ये पाहिलं. एड्सच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर असताना मुंबईच्या सिप्लाचे युसूफ हमीद म्हणाले, आम्ही ३५० डॉलरला देतो. आफ्रिकेतली किती माणसं त्यामुळे आज जिवंत असतील! औषध खरंच महाग होतं की महाग ठेवलं होतं, याचा निकाल त्या आकड्याने लावला.

मामा असते तर मात्र त्यांनी दुसरी बाजूही ऐकवली असती. चीनचा कच्चा माल स्वस्त पडू लागला आणि पेनिसिलिन-जी बनवणारे आपले कारखाने एकेक करून बंद झाले. पुढे पेनिसिलिनची इंजेक्शनं मिळेनाशी झाली. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा गेलेल्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी लागणारं इंजेक्शन, किंमत किरकोळ, आणि स्टॉकिस्टकडे 'शॉर्ट'. इतक्या कमी भावात परवडत नाही म्हणून बनवणारे हात काढून घेतात. गेल्या ऑक्टोबरात प्राधिकरणाने आठ जुन्या औषधांच्या कमाल किमती एकदम ५० टक्क्यांनी वाढवल्या. बेन्झिल पेनिसिलिन त्यात होतं, ॲट्रोपिन होतं, मनोविकारातलं लिथियम होतं, दम्याचं साल्ब्युटामॉल होतं. पेपरांनी 'औषधं महागली' म्हणून छापलं. मला ती वाढ रास्त वाटली. फळीवर नसलेलं औषध फुकट असलं तरी काय करायचं?

मात्र मग सरकारनेच ते का बनवू नये? पिंपरीची जागा आणि शेड तर अजून आहेत.

मंगळवार, ३० सप्टेंबर

संत्र्याच्या बागेत काम करणारा एक जण येतो, तिशीतला. क्षय. गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळतात, माझ्याकडे फक्त व्हिटॅमिन आणि मळमळीची गोळी घेतो. आज वजन तीन किलोने वाढलं म्हणून सांगायला आला होता.

त्याच्यावरून गेल्या वर्षीचे मार्च-एप्रिल आठवले. सरकारी केंद्रांतल्या क्षयाच्या गोळ्याच संपत आल्या होत्या. केंद्राने राज्यांना कळवलं, तीन महिन्यांपुरती तुम्हीच खरेदी करा. जिल्ह्याला काय आणि तालुक्याला काय, इतकी खरेदी लगेच थोडीच जमते? रोगी माझ्या काउंटरवर आले, आणि जी गोळी सरकारच सगळी विकत घेतं ती खासगी बाजारात असणार कुठून? नागपूरच्या दवाबाजारात हिंडून थोडी जमवली. क्षयाची औषधं मध्येच सुटली की जंतू निगरगट्ट होतो, हे त्या कार्यक्रमाच्या प्रत्येक फलकावर लिहिलेलं असतं.

निगरगट्ट क्षयावर बेडाक्विलिन हे औषध. पूर्वी अशा रोग्यांना महिनोन्‌महिने इंजेक्शनं घ्यावी लागायची आणि कित्येकांचे कान त्यात जायचे. आता या औषधासह चार गोळ्यांचा सहा महिन्यांचा उपचार आलाय. जॉन्सन अँड जॉन्सनचं मूळ पेटंट जुलै २०२३ ला संपत होतं. त्याच औषधाच्या क्षारावर दुसरं पेटंट मागून त्यांना मक्तेदारी २०२७ पर्यंत न्यायची होती. त्याला हरकत घेतली दोघींनी. मुंबईची नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले. दोघींनाही क्षय झालेला आणि दोघींचंही ऐकू येणं त्या जुन्या उपचारात गेलेलं. मार्च २०२३ मध्ये आपल्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला.

हे जमलं कायद्यातल्या एका छोट्या कलमामुळे, ३(ड). जागतिक व्यापार कराराप्रमाणे २००५ पासून आपल्याला औषधाच्या रेणूवर वीस वर्षांचं पेटंट द्यावं लागलं. तेव्हा संसदेने एवढं मात्र लिहून ठेवलं की जुन्याच औषधाचं रूप बदललं आणि गुण वाढला नाही, तर नवं पेटंट नाही. रक्ताच्या कर्करोगावरचं ग्लिवेक याच कलमावर १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टात अडलं; नोव्हार्टिस हरली. महिन्याला लाखाच्या वर जाणारं ते औषध भारतीय कंपन्या दहा हजारांच्या आत देत होत्या. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईच्या पेटंट कार्यालयातून आणखी एक आदेश निघाला होता. बायरचं मूत्रपिंड-यकृताच्या कर्करोगावरचं औषध महिन्याला २ लाख ८० हजारांचं. नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना मिळाला, भाव ठरला नऊ हजारांच्या आत, आणि बायरला विक्रीवर सहा टक्के मानधन. देशातला असा तो पहिला परवाना. तेरा वर्षं झाली, दुसरा अजून निघालेला नाही.

माझा मुलगा म्हणतो, मग नवीन औषधं शोधणार कोण? प्रश्न बरोबर आहे आणि त्याला मी टाळत नाही. संशोधनाला पैसा लागतो. पण तो पैसा संत्र्याच्या बागेतल्या मजुराकडून रोग असताना वसूल करायचा, ही एकच रीत जगात आहे असं नाही. शिवाय क्षार बदलणं हे संशोधन कसलं, ती वकिली आहे.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

काउंटरची, काट्याची आणि कॉम्प्युटरची पूजा. दीक्षाभूमीला जाणाऱ्या गाड्यांमुळे रस्ता भरलेला. ओआरएस, बाम, डोकेदुखीच्या गोळ्या खपल्या. छिंदवाड्याकडची बातमी चांगली नाही. परासियाची लहान मुलं नागपूरच्या दवाखान्यांत आहेत, लघवी बंद होऊन. छिंदवाड्याचा रस्ता आमच्या दारावरून जातो.

शनिवार, ४ ऑक्टोबर

कालपर्यंत सरकारी निवेदनात तपासलेले नमुने ठीक होते. आज तामिळनाडूच्या प्रयोगशाळेचा अहवाल सगळीकडे आहे. कांचीपुरमच्या कारखान्यातलं कोल्ड्रिफ हे सर्दीचं सिरप, बॅच एसआर-१३, आणि त्यात ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल. चालण्याजोगी मर्यादा ०.१ टक्के. निम्मी बाटली विषाची. मध्य प्रदेशने बंदी घातली.

सकाळीच सगळी फळी उतरवली. ते सिरप माझ्याकडे कधी नव्हतं. ते जबलपूरच्या स्टॉकिस्टकडून तिकडे गेलं. तरी प्रत्येक सिरपची बॅच वहीत उतरवली.

हे विष बाटलीत येतं कसं, हे गिऱ्हाइकांना आज किती वेळा सांगितलं असेल! पातळ औषधात गोळीची पूड विरघळत नाही म्हणून ग्लिसरीन किंवा प्रॉपिलिन ग्लायकॉल घालतात. औषधी दर्जाचं महाग, कारखानी दर्जाचं स्वस्त, आणि स्वस्तात हा दुसरा ग्लायकॉल मिसळलेला असू शकतो. तो चवीला गोड, दिसायला तसाच. पिंप उघडल्यावर एक चाचणी केली की कळतं. ती चाचणी न करणं म्हणजे मुलांची मूत्रपिंडं पणाला लावणं.

नवीन काही नाही यात. १९३७ ला अमेरिकेत याच ग्लायकॉलने शंभरावर माणसं गेली, म्हणून तिथला औषध कायदा बदलला. १९८६ ला मुंबईत जे.जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून हेच विष पोटात जाऊन १४ रोगी दगावले. न्या. लेंटिन यांच्या आयोगाने कंत्राटदारापासून औषध प्रशासन आणि मंत्र्यांपर्यंत सगळ्यांचे वाभाडे काढले. आम्ही तेव्हा फार्मसीला होतो. सरांनी वर्गात पेपरातलं वाचून दाखवलं होतं. २०२० च्या सुमारास जम्मूत मुलं गेली. २०२२ ला आफ्रिकेत गांबियात गेली, औषध हरियाणातलं.

सोमवार, ६ ऑक्टोबर. कोजागरी

आईबाप घरातल्या अर्ध्या वापरलेल्या बाटल्या पिशवीत घेऊन येताहेत. "भाऊ, हे चालते का पाहा ना." आपल्या एफडीएनेही लोकांसाठी सूचना काढली आहे. मी सगळ्यांना एकच सांगतो: चार वर्षांखालच्या पोराला सर्दीचं असलं मिश्रण द्यायचंच नाही. सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये तसा इशारा बाटलीवर छापायला सांगितलाय. सर्दी आठवड्यात आपसूक जाते.

संध्याकाळी एक सद्‌गृहस्थ दुकानात उभे राहून म्हणाले, "म्हणून मी कधी जेनेरिक घेत नाही. स्वस्तात जीव जातो." चारजण माना डोलवत होते. मला राहवलं नाही. कोल्ड्रिफ हा ब्रँड होता. डॉक्टरच्या चिठ्ठीवर दिलेला होता. जनऔषधीच्या फळीवरचा नव्हता. मग किमतीचा आणि दर्जाचा संबंध कुठे राहिला? कारखान्यात नंतर गेलेल्या पथकाला साडेतीनशेहून अधिक त्रुटी सापडल्या म्हणतात. त्या एका रात्रीत झालेल्या नसतात. दरवर्षी कुणी नीट पाहिलं असतं तर कारखाना आधीच बंद पडला असता.

जनऔषधीचा माल दुकानात येण्याआधी बॅचवार मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासला जातो, असं ती योजना सांगते. २००८ ला अमृतसरला पहिलं दुकान निघालं. दोन वर्षांपूर्वी दहा हजारावं झालं. माझा धंदा ती दुकानं थोडा खातात, खाऊ देत. त्यांची खरी अडचण वेगळी आहे: पाच औषधांची चिठ्ठी नेली तर तीन मिळतात आणि उरलेल्या दोनसाठी रोगी माझ्याकडे येतो. तामिळनाडूने १९९४ पासून औषध खरेदीचं महामंडळ चालवलंय, गोदामं, पासबुकं, प्रत्येक बॅचची चाचणी. राजस्थानने २०११ पासून सरकारी दवाखान्यात मोफत औषधं दिली. महाराष्ट्राने आधी हाफकिनकडे खरेदी दिली, मग ती काढून नवं प्राधिकरण केलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात एका दिवसात २४ जण गेले, त्यांत १२ नवजात होते. तेव्हा औषधं नव्हती की होती, यावर वाद घालण्यातच राज्याची शक्ती गेली.

दूध आटवलं नाही आज.

बुधवार, ८ ऑक्टोबर

मृत मुलांचा आकडा विसावर. केंद्राच्या औषध नियंत्रकांनी राज्यांना लिहिलंय की प्रत्येक बॅचचा कच्चा माल तपासून घ्या. हे नियमात आधीपासून आहे.

सोमवार, १३ ऑक्टोबर

कोल्ड्रिफ बनवणाऱ्या कंपनीचा परवाना रद्द.

दिवाळी जवळ आली, एमआर मंडळींच्या बॅगा जड झाल्या. पूर्वी उघडपणे टीव्ही, परदेशवाऱ्या चालत. सुप्रीम कोर्टाने २०२२ ला सांगितलं की डॉक्टरला दिलेल्या भेटवस्तूंवर कंपनीला करसवलत मिळणार नाही. मार्च २०२४ मध्ये औषध विपणनाची आचारसंहिता आली. संहितेत भेटवस्तूंना बंदी आहे, शिक्षेचं प्रकरण मात्र कंपन्यांच्या संघटनांच्या समितीकडे. घरच्यांनीच घरच्यांचा निवाडा करायचा!

त्याहून वाईट प्रकार आमच्याकडे 'पीसीडी' नावाने चालतो. डॉक्टर स्वतःच्या पसंतीच्या नावाने बाहेरच्या कारखान्यातून माल बनवून घेतो, आणि ते औषध त्याच्या दवाखान्याखालच्या मेडिकलशिवाय जगात कुठेही मिळत नाही. रोगी माझ्याकडे चिठ्ठी आणतो, "गावभर फिरलो, मिळत नाही." मिळणार कसं? घटक वाचला तर साधं कॅल्शियम.

ऑगस्ट २०२३ मध्ये वैद्यक आयोगाने नियम काढला होता, सर्व डॉक्टरांनी औषधाचं मूळ नावच लिहावं. तीन आठवड्यांत तो स्थगित झाला. डॉक्टर म्हणाले, मग निवड दुकानदाराच्या हाती जाईल आणि तो जास्त नफ्याचं देईल. त्यांचं म्हणणं खोटं नाही. २४ तारखेचं पान वाचा. पण त्यावर उपाय नफा एकसारखा बांधून देण्याचा आणि बॅच तपासण्याचा आहे. यांतलं काहीच न करता नियम गुंडाळला. देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोक आपल्या खिशातून भरतात, हा २०२१-२२ चा सरकारी हिशेब आहे. दवाखान्यात दाखल न होता घेतलेल्या उपचारात त्यातला मोठा भाग माझ्यासारख्याच्या काउंटरवर जमा होतो.

शनिवार, १८ ऑक्टोबर. धनत्रयोदशी

धन्वंतरीची पूजा, मग गिऱ्हाइकी.

काल सुप्रीम कोर्टाने रोश कंपनीची याचिका ऐकायला नकार दिला. एसएमए हा मज्जातंतूंचा आजार, त्यात मुलांचे स्नायू झिजत जातात. त्यांच्यासाठीचं रिसडिप्लाम हे तोंडाने घ्यायचं औषध. कंपनीची बाटली सहा लाखांच्या घरात. मूळच्या पेटंटातूनच हा रेणू उघड होत होता, त्यामुळे नंतरचं पेटंट टिकण्याजोगं दिसत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालय आधीच म्हणालं होतं. आता नॅटकोची बाटली १५,९०० ला.

दुपारी एक गुरुजी आले. नात्यात असं एक मूल आहे. पेपरचं कात्रण खिशात. "भाऊ, हे खरं आहे का?" खरं आहे म्हटलं, आणि बसून हिशेब करून दिला. वीस किलोच्या वरच्या मुलाला रोज ५ मिलिग्रॅम, बाटलीत ६०. बाटली बारा दिवस जाते. महिन्याला अडीच, म्हणजे चाळीस हजारांच्या आत-बाहेर. गुरुजींचा चेहरा पुन्हा पडला. त्यांना दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणाची माहिती नव्हती. निवडक केंद्रांमार्फत ५० लाखांपर्यंत मदत मिळते. मुंबईत केईएम हे असं केंद्र आहे. कागद घेऊन तिथे नाव नोंदवायला सांगितलं.

ही मदत रोग्याला एकूण एवढीच, आणि औषध जन्मभराचं. जुन्या छापील भावाने त्या ५० लाखांत आठ बाटल्या येत. शंभर दिवसही पुरत नसत. नव्या भावाने ३१४ येतात. दहा वर्षं.